उसळत्या बॉम्बविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘ब्रिटिशांनी १९४३ मध्ये चेंडूसारखे गोल बॉम्ब पाण्यावरून उसळवत जर्मनीची तिन्ही धरणे फोडली आणि तेथील कारखाने कायमचे बंद पाडले’, असा संदेश सध्या फिरत आहे. गेल्या आठवड्यात तो मीही पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांनी आखलेला ‘अपकीप’ बॉम्ब गोल नव्हता. केंट किनाऱ्यावरील रिकल्व्हर येथील चाचण्यांत त्याचे लाकडी गोल आवरण पाण्यावर आपटून फुटत गेले, तेव्हा ते काढून टाकून आतील पिंपासारखा दंडगोलच वापरण्यात आला. त्या चाचण्यांचे चित्रीकरण आजही पाहता येते. सुमारे ४,२०० किलो वजनाचा हा बॉम्ब मिनिटाला ५०० फेऱ्यांनी उलटा फिरवून, पाण्यापासून अवघ्या १८ मीटर उंचीवरून सोडला जाई, जेणेकरून तो भिंतीला बिलगून खाली उतरेल आणि सुमारे ९ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटेल.

१६-१७ मेच्या रात्री म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली. मातीच्या भरावाचे झॉर्पे मात्र टिकले, आणि त्यावर बॉम्ब उसळवलेही नव्हते. म्योनेची भिंत त्याच वर्षी पुन्हा बांधली गेली, त्यामुळे ‘कायमचे’ हा शब्द टिकत नाही. संदेशात न आलेली बाब अशी की १९ पैकी ८ विमाने परतली नाहीत, ५३ वैमानिक व कर्मचारी मारले गेले, आणि पुरात बुडालेल्या हजाराहून अधिक लोकांत वेठीस धरलेल्या परदेशी मजूर स्त्रियाही होत्या.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना ही दुरुस्ती कळवावी.