"जर्मन निर्वासितांवर बोलायला बंदी होती" म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून हाकललेले २० लाख जर्मन मारले गेले, जगाने ते दाबलं, खुद्द जर्मनीत त्यावर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि ते लोक फक्त बळी होते.

हाकललं हे खरंय. सिलेशिया, पूर्व प्रशिया, सुडेटनलँड वगैरे (आज पोलंड, रशिया, चेकियात असलेले भाग) मिळून सव्वा कोटीच्या आसपास लोक, त्यात बायका, पोरं, म्हातारे जास्त, आणि हिटलर त्यांचा होता म्हणून बरं झालं असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याही विरोधात आहे.

पण बंदी? अहो, पश्चिम जर्मनीत १९४९ ते १९६९ या लोकांसाठी वेगळं केंद्रीय मंत्रालय होतं! १९५२ ला भरपाईचा कायदा आला, सरकारी पैशाने त्यांच्या साक्षींचे जाडजूड खंड छापले गेले, आणि १९५३ ला त्यांचा पक्ष थेट चॅन्सेलर (सरकारप्रमुख) आडेनॉवरच्या मंत्रिमंडळात बसला. गप्प बसवलं ते पूर्व जर्मनीत, कारण हाकलणारे पोलंड-चेकोस्लोव्हाकिया तेव्हा त्याचे दोस्त.

आता ते २० लाख. हा आकडा प्रेतं मोजून आलेला नाहीये, युद्धाआधीची लोकसंख्या घ्या, नंतर जे सापडले ते वजा करा, उरले ते मेले, असा १९५० च्या दशकातला सरकारी हिशोब आहे तो. ओव्हरमान्स, हार यांच्यासारखे इतिहासकार पाच-सहा लाखांच्या आसपास येतात. तेही कमी नाहीतच, पण त्यातले कित्येक १९४५ च्या थंडीत सोव्हिएत रेड आर्मीपुढे पळताना गेले, आणि पूर्व प्रशियात त्यांना वेळेत निघू दिलं नाही ते तिथला नाझी प्रमुख एरिख कॉख याने. स्वतः मात्र जहाजाने सटकला.

"ते फक्त बळी होते" हा शेवटचा मुद्दा. या हाकललेल्यांच्या संघटनांची १९५० ची सनद वाचा. सूड सोडला म्हणतात, चांगलंय, पण या काळात सगळ्यात जास्त आम्हीच सोसलं असंही म्हणतात, आउशवित्झच्या मृत्युछावणीनंतर पाच वर्षांनी, आणि ज्यूंचा उल्लेख नाही! सही करणाऱ्यांत जुने नाझीही होते. पुढे १९९८ ते २०१४ या संघटनांच्या महासंघाच्या अध्यक्ष एरिका श्टाइनबाख, यांचा जन्म १९४३ चा, जर्मनीने बळकावलेल्या पोलंडमधला. वडील पश्चिम जर्मनीतल्या हानाऊचे, पोलंडमध्ये जर्मन हवाई दलाच्या नोकरीवर होते, म्हणजे तिथले मूळचे नव्हतेच.