बॅगेला पण घाम असतो

कोल्हापुरातून परत येऊन आज सहा दिवस झाले, जेटलॅग गेला, पोरांची शाळा सुरू झाली, पण त्या गिरणीतल्या आबांचा विषय काही डोक्यातून जात नाहीये. बायको म्हणते सोड आता. कसं सोडू? माझी जीन्स आणि बूट अजून मंगळवार पेठेत पलंगावर पडलेत.

तर आम्ही राहतो जर्मनीत, स्टुटगार्टला, अकरा वर्षं झाली. इकडे शाळा चालू असताना पोरांना उचलून गावाला नेता येत नाही, त्यामुळे मे-जूनमधली पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी लागली की सगळं जग एकदम विमानात बसतं आणि तिकिटं अशी वाढतात की त्या पैशात कळंब्याला एक गुंठा यावा (येत नाही, पण वाटतं तसं). माणशी एक बॅग, २३ किलो. निघायच्या आदल्या दिवशी तीन बॅगा अंदाजानं जमल्या, चौथी उचलताना माझ्या कमरेतून आवाज आला. हुकवाला वजनकाटा होता आमच्याकडे, पण त्याला भाचा स्वतः लोंबकळला होता आणि नुसता लोंबकळला असता तरी चाललं असतं, त्यानं झोके घेतले. माणसं उभी राहतात तो काटा आमच्या घरात नाही, आमच्याकडे सगळे अंदाजानंच जाड आहेत.

"गिरणीत जा की," आई म्हणाली, "पाच मिनिटाचं काम."

ॲक्टिव्हाच्या पुढच्या फळीवर बॅग उभी केली, दोन्ही पाय बदकासारखे बाहेर काढले आणि गेलो. आमच्या गल्लीतली गिरणी म्हणजे अर्धी गिरणी आणि अर्धा डंक, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. जूनचा पहिला आठवडा, वळवाचे दोन दणके होऊन गेलेले, त्यामुळे ज्यांची चटणी कुटायची राहिली होती ते सगळे एकदम जागे झालेले. आत शिरल्याशिरल्या मला सात शिंका आल्या. रांगेतल्या एका मावशी दुसरीला म्हणाल्या, "बाहेरगावचा दिसतोय."

मी. बाहेरगावचा. ज्या गिरणीत मी चौथीपासून दळणाचा डबा डोक्यावर घेऊन आलोय.

काट्यावर बॅग ठेवली. २५.३५०. मी मनात म्हटलं ठीक आहे, घरी जाऊ, बघू. इतक्यात कोपऱ्यातल्या पोत्यावरून आवाज आला, "किती बसाय पायजे?"

ऐंशीच्या आसपासचे आबा. फेटा नव्हता, पण फेटा बांधून बसल्यासारखे बसले होते. कान दोन्ही मोडलेले, म्हणजे तालमीतला माणूस, ते सांगावं लागत नाही.

"तेवीस," मी म्हटलं.

"लई वर हाय गड्या." ते उठले, बॅगेभोवती एक पूर्ण चक्कर मारली, वरच्या कप्प्यावर थाप मारली, जशी पाठीवर मारतात तशी. "दोन किलो साडेतीनशे काढायचं म्हंजे चेष्टा न्हाई. कवा हाय वजन?"

"उद्या रात्री. मुंबईला."

"मंग येळ हाय. पैलवान आसता तर आजपास्नं जेवण तोडलं आसतं. पाणी बी निम्मं. पहाटं घोंगडं गुंडाळून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायला लावल्या आसत्या, घाम गेला की वजन उतरतंय."

"आबा, बॅग आहे ती."

"बॅगंला बी घाम आसतोय. उघडा बगू."

आता इथं मी नाही म्हणायला हवं होतं. अकरा वर्षं युरोपात राहून माणसानं दुसरं काही नाही तरी एवढं शिकायला हवं. पण मोडलेल्या कानांचा माणूस आज्ञा करतो तेव्हा हात आपोआप चेनकडे जातो. बॅग उघडली. गिरणीच्या मधोमध, आठ बायका, गिरणीवाले मामा आणि डंकावरचा पोरगा यांच्या साक्षीनं. सगळ्यात वर माझ्या बनियनी होत्या.

आणि त्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पोरानं विहिरीवर पोहून आल्यावर कोंबलेला ओलाचिंब टॉवेल. आबांनी तो दोन बोटांत धरून सगळ्या रांगेला दाखवला. "ह्यो बगा घाम."

टॉवेल काढला, सातशे ग्रॅम उतरले. यापुढे माझ्या बॅगेवर माझा हक्क राहिला नाही.

स्टुटगार्टमध्ये आमच्या खाली एक म्हातारी राहते. अकरा वर्षांत तिनं मला एकच गोष्ट विचारलीय, ती म्हणजे केरवोखं. हा इकडचा प्रकार, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते आणि त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा. वोखं म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं, इतका आपल्या केरासारखा शब्द की मला पहिल्यांदा ऐकून गहिवरून आलं होतं. बाकी तिला माझं नाव, गाव, पगार, पोरं किती, आई कुठं असते, काही माहीत नाही. मला याचं फार वाईट वाटायचं. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की इकडे माणुसकी नाही, कोणी कोणाची चौकशी करत नाही. त्या गिरणीत उभं राहून मला त्या म्हातारीची इतकी आठवण आली!

कारण तोवर चटणीची पिशवी निघाली होती.

"किती नेतायसा?" पहिल्या मावशी.

"अडीच किलो."

"बास? आमची जाऊ दुबईला सात किलो नेतीया."

"खोबरं भाजून घातलंय न्हवं?" दुसऱ्या. त्यांनी पिशवीचा वास घेतला. "कमी पडलंय खोबरं."

मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, विमानात सुक्या खोबऱ्याची भानगड असते, त्यातल्या तेलामुळं ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून धोकादायक मालात धरतात, वाट्या न्यायला बंदी आहे. गिरणीचा पट्टा फिरत होता तरी त्यावरून हसणं ऐकू आलं. आबा हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग कोकणातली घरं कशी ऱ्हायल्यात?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. तसं या नियमांना पण कुठं आहे. युरोपात बाहेरून दुधाचं काही आणता येत नाही, हे मी आईला दरवर्षी सांगतो आणि आई दरवर्षी म्हणते, पेढ्यात दूध कुठंय, खवा आहे. आंबा न्यायचा तर झाडपाल्याच्या तपासणीचा सरकारी दाखला लागतो, दाखल्याशिवाय फक्त पाच फळं चालतात, अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. ड्युरियन म्हणजे काय ते आईनं विचारलं. फणसासारखं दिसतं, वास फार मारतं, म्हटलं. "ते चालतं आणि हापूस चालत नाही?" एवढंच म्हणून ती आत गेली आणि तासभर बोलली नाही, जसा काही तो कायदा मी केला होता.

तर टॉवेल गेला तरी अजून एक किलो साडेसहाशे जास्तच. आबांनी हात घातला आणि तळातून खाकी टेप गुंडाळलेलं पार्सल काढलं. विटेएवढं. "ह्ये काय?"

हे डिंकाचे लाडू. आमचे नाहीत. फ्रँकफर्टला कोणीतरी एक मुलगा आहे, त्याला मी आयुष्यात बघितलेला नाही, त्याच्या आईनं आमच्या आईला देवळात गाठून "अर्धाच किलो आहे, तुम्ही जाताच आहात तर" म्हणून दिलेले. अर्धा किलो नव्हताच तो, एक किलो आठशे भरला. आणि लोकांना वाटतं जर्मनी म्हणजे बिंदू चौक ते मिरजकर तिकटी. दोनशे किलोमीटर आहे हो फ्रँकफर्ट. तो मुलगा न्यायला येत नाही, कधीच कोणी येत नाही, तो फोनवर म्हणतो दादा पोस्टानं पाठवता का, मग मी खोकं आणा, टेप आणा, शनिवारी रांगेत उभा राहा, पैसे भरा, आणि ते पैसे मागायचे कसे हा पुढचा प्रश्न. गेल्या वर्षी एकाचं थालीपिठाच्या भाजणीचं पार्सल आमच्याकडे चार महिने पडून होतं, शेवटी आम्ही खाल्लं. चांगली होती भाजणी. पण तो भाग वेगळा.

म्हणून मी म्हटलं, आबा, हे काढूयाच. नाहीतरी दुसऱ्याचं आहे.

रांगेतून आवाज आला, "दुसऱ्याचं कशाला? माझ्या भावजयीच्या पोराचं हाय त्ये."

सातव्या नंबरच्या मावशी, हातात ज्वारीचा डबा. मी बघितलं, त्यांनी बघितलं. "लेकरू परदेशात एकटं आसतंय," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्या सात जणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी ते पार्सल स्वतःच्या हातानं परत तळाशी ठेवलं, वर चटणी लावून नीट बसवलं.

खलबत्त्याला हात लावायची सोय नव्हती, तो बायकोचा. दोन किलोचा दगड माणूस समुद्रापार का नेतो हे मी लग्नाच्या नात्यानं विचारत नाही, आबांनी मात्र विचारलं. "पैलवानाच्या गळ्यात दगुड बांधून वजनाला हुबा केलाय व्हय?" मग पोरांची पुस्तकं, आईनं शिवलेली गोधडी, चपलांचे तीन जोड. राहता राहिलं काय, तर माझे कपडे. जीन्स काढली. बूट काढले. आबा प्रत्येक वस्तू काढली की काट्याकडे बघून आकडा ओरडायचे, मैदानात पुकारतात तसे, आणि डंकावरचा पोरगा मूसळ थांबवून ऐकायचा.

मधेच म्हणाले, "शाहू म्हाराज गेलते इंग्लंडला, १९०२ ला, त्या एडवर्डला गादीवर बसवायचा हुता तवा. वाटंत रोमचं त्ये मैदान बगितलं आन् हितं येऊन खासबाग बांधलं, १९१२ ला. तसलं मैदान हाय का कुठं? तुमाला किती सालं झाली जाऊन?"

"अकरा."

"आन् काय आणलासा?"

मी खरंच आठवून बघितलं. चॉकलेटं आणली होती. सातारा ते कोल्हापूर हायवेचं सहापदरीकरण चालू होतं, त्या धुळीत आणि उन्हात गाडीच्या डिकीत ती सगळी मिळून एकच चॉकलेट झालं, आईनं ते सुरीनं कापून गल्लीत वाटलं.

"चॉकलेट," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. ते काही लागट बोलले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. म्हणजे माणसानं वर्षभर सुट्ट्या साठवायच्या, तिकिटासाठी पगार मोजायचा, अठ्ठावीस तास प्रवास करून यायचं, पंधरा दिवसांतले दहा दिवस लोकांच्या घरी पोहे खात "आता कधी येणार कायमचं" याला उत्तरं द्यायची, आणि शेवटी गिरणीत उभं राहून शाहू महाराजांशी तुलना. कोणी टिकायचं यात? आणि मी तोंड उघडून म्हणालो काय, तर "बरोबर आहे आबा."

शेवटी आकडा आला २२.९५०. रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. मी म्हटलं अजून काढू का, रिस्क नको. "ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "पन्नास ग्राम वाटंत लागत्यात."

परत येताना ॲक्टिव्हावर बॅग पुढे, बुटांच्या नाड्या गळ्यात आणि जीन्स आबांनी स्वतः माझ्या कमरेला बांधलेली, गाठ अशी की घरी येऊन आईनं सोडवली. काळी बॅग पिठानं पांढरी झाली होती. मुंबईपर्यंत ती पुसत होतो, तरी चाकांत ज्वारी राहिलीच.

मुंबईच्या काउंटरवर रात्री साडेअकराला मी ती बॅग पट्ट्यावर ठेवली आणि श्वास धरला. २१.८.

मी त्या मुलीला म्हटलं पुन्हा एकदा बघा. तिनं बघितलं. २१.८. बाकीच्या तीन बॅगा तेवीसच्या खाली-वर होत्या, ही एकटी हडकुळी. बायको शांतपणे म्हणाली, "जीन्स बसली असती की. आणि बूट पण." मी चप्पल घालून उभा होतो, कापशीची, करकर वाजणारी, नवी, दोन्ही अंगठ्यांना फोड आलेले.

तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, आई, त्या गिरणीचा काटा एक किलोच्या वर जास्त दाखवतो. म्हणजे तू दहा किलोच्या डब्याला अकराचे पैसे देतेस, इतकी वर्षं, हिशेब कर जरा.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "हळू बोल. कुणाला सांगत बसू नकोस हे. दळण बारीक देतो तो."