दगडापेक्षा वीट मऊ?

दोनच मोठे पक्ष असले की मतदाराला 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणत कमी वाईट तो निवडावा लागतो, या माझ्या म्हणण्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप मला समजले ते असे: दोनच मोठे पक्ष असले की सरकार टिकतं आणि नालायकांना घरी बसवणं सोपं जातं, शिवाय पक्ष कसेही असोत, शहाण्या मतदाराने माणूस बघून मत द्यावं.

घरी बसवण्याचा मुद्दा सगळ्यात भक्कम, म्हणून आधी तोच घेतो. एकाला उतरवायचं तर दुसऱ्यालाच चढवावं लागतं, मग तो पसंत असो वा नसो. हे दोन्ही पक्ष पुरतं ओळखून असतात. त्यामुळे काम करून दाखवण्यापेक्षा 'ते आले तर बघा काय होईल' ही भीती घालणं त्यांना स्वस्त पडतं. तिसरा उभा राहिला तर? 1992 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे तिसरे उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास 19 टक्के मतं पडली, पण इलेक्टोरल कॉलेजात, म्हणजे राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या मंडळात, एकही नाही. 2000 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुश निर्णायक ठरलेल्या फ्लोरिडा राज्यात 537 मतांनी जिंकले. तिथे तिसऱ्या पक्षाचे राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. 'तुमच्यामुळे बुश आले' हा टोमणा नेडरच्या मतदारांनी पुढे कित्येक वर्षं ऐकला. आवडत्या उमेदवाराला मत दिलं, एवढाच त्यांचा गुन्हा!

स्थैर्याचं म्हणाल तर जर्मनीत 1949 पासून बहुतेक काळ आघाडीचीच सरकारं आहेत. तिथे चान्सलरवर, म्हणजे सरकारच्या प्रमुखावर, अविश्वास आणायचा तर त्याच ठरावात पर्यायी चान्सलर निवडावा लागतो. असा ठराव आजवर एकदाच, 1982 साली मंजूर झाला. 2024 च्या अखेरीस तिथलीही आघाडी फुटली, हे खरं. पण दोन पक्षांच्या अमेरिकेत 2018-19 च्या हिवाळ्यात सरकारी कामकाजाचा मोठा भाग 35 दिवस ठप्प होता, तेही खरंच.

आता माणूस बघण्याबद्दल. उमेदवार प्रामाणिक हवा, यात वादच नाही. पण सभागृहात तो बहुतेक वेळा पक्षाच्या बाजूनेच हात वर करणार, आणि त्याच्या चेहऱ्यामागे पक्षाचं धोरण झाकलं जातं. 2020 साली रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामा काढलाच नाही. 2016 चाच पुढे चालू ठेवला आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमाला पाठिंबा असल्याचा ठराव केला. पुढच्या चार वर्षांचा हिशेब मतदाराने मग कशाशी ताडून बघायचा?

शिवाय माणूस आणि पक्ष यांतला एकच निवडा, अशी सक्ती कुठे आहे? न्यूझीलंडमध्ये 1978 आणि 1981 साली लेबर पक्षाला मतं जास्त आणि सरकार मात्र नॅशनल पक्षाचं, असं झालं. 1981 ला सोशल क्रेडिट पक्षाला 20 टक्क्यांवर मतं मिळून जागा फक्त दोन! शेवटी 1993 च्या सार्वमताने पद्धत बदलली. 1996 पासून मतदाराला दोन मतं असतात, एक स्थानिक उमेदवाराला, दुसरं पक्षाला, आणि संसदेतलं पक्षाचं बळ दुसऱ्या मतावर ठरतं. सरकार बनवण्यासाठी पक्षापक्षांत चालणाऱ्या, तुम्हाला खटकणाऱ्या वाटाघाटी तिथेही होतातच. पहिल्याच खेपेला सरकार बनायला सुमारे दोन महिने लागले. तरीही 2011 साली पुन्हा सार्वमत घेतलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी हीच पद्धत कायम ठेवली.