‘मन सतर्क असतं’: झोपेची प्रश्नावली आणि एक फिरता निरोप

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांत एक निरोप फिरतोय: ‘झोपण्याआधीची मनाची नि शरीराची खळबळ मोजणारी इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणणं सोपं. एकाने भाषांतर करावं, दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यावं. जुळलं आणि ‘अल्फा’ हा आकडा ०.७च्या वर आला की काम झालं. पुण्यातली मराठी गोव्यातही चालते.’ हे वाचून मला खरंच काळजी वाटली.

आधी उलट भाषांतर. निरोपातली प्रश्नावली म्हणजे निकासिओ आणि सहकाऱ्यांची १९८५ची ‘प्री-स्लीप अराउझल स्केल’. तिच्यात १६ विधानं आहेत: ८ मनाची, ८ शरीराची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातल्या ‘हार्ट रेसिंग’चं ‘हृदय शर्यत लावतं’ केलं, तर ते तंतोतंत इंग्रजीत परत जातं. ‘छातीत धडधडतं’ केलं की शब्द जुळत नाहीत. गळालेला अर्थ ही पद्धत पकडते, मान्य. पण वाईट मराठीही तिच्यातून सहज पास होते.

‘मेंटली अलर्ट’चं ‘मन सतर्क असतं’ असं करून मी गोव्यातल्या साखळी गावच्या एका आजींना विचारलं. ‘देवाच्या दयेनं अजून आहे गो बाय,’ म्हणत त्यांनी ५वर खूण करायला लावली. मूळ विधान झोप न येण्याचं, आजींना ती शाबासकी वाटली. ‘डोकं चालूच राहतं का?’ म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. ‘ते होय? मुलगा दुबईला गेला तेव्हा महिनाभर.’ हे कळायला माणसासमोर बसून एकेक विधान विचारावं लागतं.

अल्फा, म्हणजे क्रॉनबॅकने १९५१ साली मांडलेला आकडा, विधानं एकमेकांशी किती जुळून चालतात एवढंच सांगतो. एकच प्रश्न आठ तऱ्हांनी विचारा, तो चढेल. मन आणि शरीर हे दोन गट मराठी उत्तरांतही वेगळे पडतात का, ते घटक विश्लेषणाने, म्हणजे कोणती विधानं एकत्र जातात हे दाखवणाऱ्या गणिताने बघायचं. निद्रानाशाच्या रुग्णांचे गुण शांत झोपणाऱ्यांपेक्षा जास्त येतात का, तेही.

आणि गोवा. एक विधान तळव्यांना, अंगाला घाम सुटण्याचं आहे. मे महिन्यात फोंड्यात वीज गेली की तो सगळ्यांनाच सुटतो. गुण काळजीचा धरायचा की उकाड्याचा? शिवाय इथं कितीतरी जण मराठी वाचतात, भजन मराठीत म्हणतात, पण अंथरुणावर पडल्यावर मनात येतं ते कोंकणीत.

आणि प्रश्नावलीच्या शीर्षकात ‘अराउझल’साठी ‘उत्तेजना’ तर नकोच. तो शब्द वाचून एका बाईंनी कागद पालथा घातला आणि पुढचं एकही विधान वाचलं नाही.