'मेश बारीक करा, संपलं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

यंत्राच्या भागातला ताण (स्ट्रेस) संगणकावर काढण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, हे आधी सांगतो. (इतरांसाठी: या हिशेबासाठी भागाचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडतात; त्यांची जाळी म्हणजे मेश.) "मेश बारीक केली की स्ट्रेस अचूक येतो, एवढं साधं आहे, बाकी लेख म्हणजे रंगीत चित्रांचं पाल्हाळ" असं आपण लिहिलंत. शिवाय भोक पाडलेल्या पट्टीत भोकाच्या कडेला स्ट्रेस कितीपट होतो तो 3 हा आकडा, गाउस पॉइंट (एलिमेंटच्या आत स्ट्रेस मोजायच्या जागा) आणि टेट एलिमेंट (चार पृष्ठांचे तुकडे) यांवरही ताशेरे आहेत.

एक चूक कबूल. किर्शने 1898 साली काढलेला 3 हा गुणक अमर्याद रुंद पट्टीचा. भोक रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढं असेल, तर पूर्ण छेदावरच्या (भोक वजा न करता काढलेल्या) स्ट्रेसच्या तुलनेत तो 3.14च्या आसपास जातो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण पाल्हाळ? तुमचा 'साधा' नियम फिलेट (कोपऱ्याला दिलेली गोलाई) नसलेल्या, आतल्या काटकोनी कोपऱ्यावर लावून बघा. लिनिअर इलास्टिक गणितात (स्ट्रेसच्या प्रमाणातच भाग ताणतो असं धरणाऱ्या) तिथला स्ट्रेस मुळातच अनंत आहे. एलिमेंट निम्मा केला की आकडा सुमारे 37 टक्के चढतो. पुन्हा निम्मा, पुन्हा तेवढाच. चार वेळा केलंत तर साडेतीनपट! यातला अचूक कुठला, तेही सांगून टाका.

हे मी पुस्तकातून उतरवलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तुमच्याइतकाच ठाम होतो. एका ब्रॅकेटची मेश रात्रभर बारीक करत बसलो, स्ट्रेस चढतच राहिला, आणि सकाळी जाडी वाढवा म्हणून मेल लिहायला घेतला. साहेबांनी स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "ड्रॉइंगमधला फिलेट कुठाय?" मेशला अडतो म्हणून मीच काढला होता. तो परत घातल्यावर दोन फेऱ्यांत आकडा जागेवर बसला. पंधरा वर्षं हेच काम करतोय, तेव्हा 'चित्रं' हा शब्द जरा जपून वापरा.

आणि त्या चित्रांखालची ओळ वाचली असतीत तर बरं झालं असतं. एकाच नोडला (एलिमेंट जुळतात त्या बिंदूला) शेजारचे एलिमेंट वेगवेगळा स्ट्रेस सांगतात. सरासरीच्या गुळगुळीत रंगात तो फरक झाकला जातो. फरक मोठा असेल तिथेच मेश बारीक करा, असं मी लिहिलं होतं. म्हणजे मेश बारीक करायला माझा विरोध आहे हे आपण कुठून काढलंत, देव जाणे.

गाउस पॉइंट आणि टेटबद्दल वाद नाही, लेखाचा विषयही तो नव्हता.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा मॉडेलही जोडा. फिलेटसकट.