तिरका चेंडू निरुपद्रवी नसतो

रग्बी युनियनमधल्या स्क्रमबद्दल (दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात आणि मधल्या बोगद्यात टाकलेल्या चेंडूसाठी झगडतात, तो स्क्रम) एक दावा सतत फिरत असतो: “चेंडू सरळ टाकण्याचा नियम २०१७ सालीच गेला. आणि तसंही ज्याचा चेंडू तोच जिंकतो, मग तिरका टाकला तर काय बिघडलं?”

आधी नियमाचं बघू. तो गेलेला नाही. २०१७ च्या बदलांनी स्क्रम-हाफला, म्हणजे चेंडू आत टाकणाऱ्याला, आपला खांदा स्क्रमच्या मधल्या रेषेवर ठेवायची मुभा दिली, म्हणजे तो खांद्याच्या रुंदीइतका आपल्या संघाकडे सरकून उभा राहू शकतो. चेंडू मात्र तिथूनही सरळच जायला हवा, आपल्या संघाकडे तिरका नाही. त्याच बदलांत आणखी एक अट आली, जी दावा करणारे कधीच सांगत नाहीत: चेंडू टाकणाऱ्या संघाच्या पहिल्या फळीतल्या एकाने तरी चेंडूसाठी पाय मारलाच पाहिजे.

“ज्याचा चेंडू तोच जिंकतो” हे बहुतेक वेळा खरंच आहे, पण त्यासाठी तिरकेपणाची गरज नाही. डावीकडून चेंडू टाकला की बोगद्याच्या तोंडाशी आपला लूजहेड प्रॉप (पहिल्या फळीतला डावीकडचा खेळाडू) असतो, त्यामुळे आपला हूकर (त्या फळीच्या मधला, चेंडू पायाने मागे ओढणारा) समोरच्या हूकरपेक्षा चेंडूच्या जवळ येतो. चेंडू कधी सुटणार, हेही त्यालाच ठाऊक असतं. स्क्रममध्ये चेंडू टाकायला मिळतो तो बहुधा समोरच्याने चूक केली म्हणून, त्यामुळे हा फायदा रास्तच.

मात्र या फायद्याची किंमत मोजावी लागते, आणि खरा मुद्दा इथेच आहे. पाय मारायला हूकरने एक पाय उचलला की त्या क्षणी त्याचा रेटा कमी होतो. समोरचे आठही जण दोन्ही पायांवर रेटत असतात, आणि त्यांची खरी संधी तीच. चेंडू तिरका टाकल्याने थेट दुसऱ्या फळीच्या, म्हणजे लॉकच्या, पायांत गेला तर हूकरला पाय उचलावाच लागत नाही. मग चेंडू टाकणारेही आठच्या आठ रेटतात, चेंडू सगळ्यात मागच्या आठ नंबरच्या खेळाडूच्या पायाशी धरून ठेवतात आणि समोरचा स्क्रम कोसळायची वाट बघतात. तो कोसळला तर पेनल्टी: तीन गुणांचा प्रयत्न, किंवा टचबाहेर (बाजूच्या रेषेबाहेर) मारून पुन्हा आपलाच लाइनआउट, म्हणजे त्या रेषेवरून चेंडू आत टाकायची संधी.

“पंच दुर्लक्ष करतात म्हणजे गुन्हा किरकोळ” हे तर उलटंच आहे. गुन्हा मोठा, शिक्षा किरकोळ. तिरक्या चेंडूला फक्त फ्री किक मिळते. तिच्यावर थेट गोल मारता येत नाही, टचबाहेर मारली तर लाइनआउटचा चेंडू समोरच्यांकडे जातो, आणि २०२४ पासून तिच्याबदली स्क्रमही मागता येत नाही.

पुढच्या सामन्यात चेंडूऐवजी हूकरचा उजवा पाय बघा. तो जागचा हललाच नाही आणि तरी चेंडू लॉकच्या बुटांपाशी दिसला, तर तो बहुधा तिरकाच आत गेलेला असतो.