मणक्याची बायोप्सी टाळा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

लालबागच्या माझ्या मावशीने ठरलेली मणक्याची बायोप्सी पुढे ढकलली, ती भिशीच्या ग्रुपवर आलेल्या एका संदेशामुळे. त्यातले दावे असे: एमआरआयमध्ये मणक्यात पू दिसला की तो टीबीच, तेव्हा बायोप्सी न करता एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू करा, सुई टोचली की जंतू अंगभर पसरतात, ‘टीबी गोल्ड’ ही रक्ततपासणी पुरेशी आहे, ईएसआर (शरीरातली जळजळ दाखवणारी रक्ततपासणी) उतरला की औषध बंद करावे.

पहिल्या दाव्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. आपल्याकडे असा पू बऱ्याचदा टीबीचाच निघतो. पण स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे जीवाणू, कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला आणि क्वचित बुरशीही मणक्यात ठाण मांडतात, आणि प्रत्येकावरचा उपचार निराळा असतो.

खरा संताप येतो तो सुईच्या दाव्याचा. मणक्यात जंतू बहुधा रक्तावाटेच पोहोचलेले असतात. सुई त्यांना अंगभर काय पसरवणार? रुग्णाला सीटीच्या टेबलावर पालथे झोपवतात, जागा बधिर करतात आणि सुई कुठवर गेली हे स्कॅनवर पाहत नमुना घेतात. रक्तस्राव किंवा नसेला इजा क्वचित होऊ शकते, तेवढे डॉक्टरांना जरूर विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न नमुना कशात ठेवणार हा आहे. सगळा तुकडा फॉर्मॅलिन या द्रावणात गेला तर त्यातले जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखणे, होऊच शकत नाही. म्हणून एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर आणि जीनएक्सपर्ट या टीबीच्या जनुकीय चाचणीसाठी, वेगळा जायला हवा. रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी जीनएक्सपर्टमध्ये काही तासांत कळू शकतो, आणि अशा टीबीसाठी बदनाम असलेल्या मुंबईत नमुना न घेता एकेटी सुरू करा म्हणणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची, आयडीएसएची, प्रौढांसाठीची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत: आधी रक्ताचे कल्चर, त्यातून जंतू न कळल्यास बायोप्सी, आणि रुग्ण स्थिर असेल तर तोवर प्रतिजैविके रोखून धरावीत. पायांतली ताकद जाऊ लागली किंवा संसर्ग रक्तात भिनून प्रकृती ढासळली, तर मात्र उपचारांसाठी थांबायचे नसते. रक्तातच स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला आणि एमआरआय त्याच्याशी जुळला, तर बायोप्सी सहसा लागतही नाही. पण हा निर्णय रक्ताच्या अहवालावर होतो, भिशीच्या ग्रुपवर नव्हे.

‘टीबी गोल्ड’विषयी थोडक्यात: टीबीच्या जंतूशी शरीराचा कधी तरी संबंध आला होता, एवढेच ती सुचवते, आणि मुंबईत तसा संबंध आलेली धडधाकट माणसे रोज लोकलने प्रवास करतात.

ईएसआर उतरणे चांगलेच, पण त्यावरून औषध थांबत नाही. साध्या जीवाणूंसाठी बहुधा सहा आठवडे आणि मणक्याच्या टीबीसाठी साधारण वर्षभर, प्रसंगी त्याहून जास्त, औषध घ्यावे लागते.